आत सात, बाहेर सहा

"थांबा. कुठं निघालात?" मी मराठीत विचारलं, आणि विचारता विचारताच माझी मला लाज वाटली.

समोर सुगरतीबाई उभी होती. हिच्या कडेवर बसून मी बोलायला शिकलो. तिच्या मागे आमच्या गावचा भूमका, म्हणजे पुजारी, मानू धिकार, आणि त्याच्या मागे तिचे चौघं भाचे. चौघांच्या खांद्यावर कोऱ्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेली सागाची एक फळी होती.

"तुले दिसत नाही का कुठी चाललो ते?" सुगरतीबाई म्हणाली. "आन आपल्या बोलीत बोल. खाकी घातली म्हणून जीभ बदलली का तुही?"

त्या दिवशी आम्ही आपसात बोललो ते सगळं कोरकूत. तुम्हाला कळावं म्हणून मी ते आमच्या बाजूच्या मराठीत सांगतो आहे.

फाल्गुन होता, सकाळचे दहा वाजले असतील. मी, बिसराम दारसिंबे, वनरक्षक, व्याघ्र प्रकल्पाच्या नाक्यावर ड्यूटीला होतो. नाका म्हणजे काय, तर रस्त्यावर आडवा लोखंडी दांडा, बाजूला पत्र्याची चौकी, चौकीत एक टेबल, एक वायरलेस आणि एक रजिस्टर. आमच्या रेंजर साहेबांचा, निमकर साहेबांचा, सगळा जीव त्या रजिस्टरात होता. आत किती गेले आणि बाहेर किती आले, हे संध्याकाळी जुळलंच पाहिजे. एक जरी कमी भरला तर एक तर त्याला वाघानं नेलं, नाहीतर तो सागवान तोडायला मागे राहिला, असं त्यांचं गणित होतं.

पांढऱ्या कापडात काय आहे, हे मला न सांगता कळलं. आमच्यात माणूस मेलं की पुरतात, पण तेवढ्यानं ते सुटत नाही. त्याच्या नावानं सागाची फळी कोरतात. वर सूर्य आणि चंद्र, मधे घोडेस्वार, खाली हातात हात घालून नाचणाऱ्या बाया. हा मुंडा. एका कुळाचे सगळे मुंडे एकाच झाडाखाली उभे असतात, आणि आपला मुंडा तिथं उभा राहिला की मेलेलं माणूस आपल्या माणसांत जाऊन बसलं. तोवर ते वाटेवरच. आमच्या गावची रीत अशी की कोरलेला मुंडा वाटेत जमिनीला टेकवायचा नाही. जिथं टेकला तिथं त्या जिवाचं घर झालं.

हा मुंडा सुगरतीबाईच्या आईचा होता. जसमाय तिचं नाव. गावची सुईण. डोमारपाणीत जन्मलेल्या निम्म्या माणसांना या जगातला पहिला हात जसमायचा लागला, त्यात मीही आलो. श्रावणात ती खाली नव्या गावात वारली. मला निरोप मिळाला होता. मी मातीला गेलो नाही. रजा मिळाली नाही असं मी लोकांना सांगितलं. खरं म्हणजे मी मागितलीच नव्हती.

"परवानगीचा कागद आहे का, बाई?" मी आता कोरकूत विचारलं.

"कायचा कागद? माय घरी चालली. घरी जाणाऱ्याले कोन कागद मागते?"

घर म्हणजे डोमारपाणी. आमचं गाव वाघासाठी उठवून खाली सपाटीवर नेलं, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. जुन्या गावात आता कुणालाच जायची मुभा नव्हती. पण जसमायच्या कुळाचे, कासदेकरांचे, मुंडे तिथंच राहिले होते, मोहाच्या झाडाखाली, आणि त्यांत जसमायचा नवरा मनाजीही होता.

"कधी निघालात तुम्ही?"

"काल पहाटे," मानू भूमका म्हणाला. "रात्री पाळीपाळीनं मांडीवर घेऊन बसलो तिले. जरा पाणी दे बापा, पोट्टे वाळून गेले."

मी पाणी दिलं. चौघं दोन दोन करून प्यायले. दोघं पीत असताना दुसरे दोघं मुंडा सांभाळत. मग भूमक्यानं ओंजळीतलं थोडं पाणी कापडावर शिंपडलं आणि म्हणाला, "पी, जसमाय. पोरगा तुहाच हाय, पन वाट साहेबाले विचारून देते."

मी वायरलेसवर साहेबांना गाठलं.

"कोण लोक? डोमारपाणीचे? त्यांना अर्ज करायला सांग. वरून मंजुरी येईल. लागेल महिनाभर."

मी बाहेर येऊन तसंच सांगितलं.

"महिनाभर खांद्यावर ठेवू म्हनतोस?" भूमका म्हणाला. "ठेवू. पन तवर हे पोट्टे म्हातारे होतीन, मंग त्यायचे मुंडे कोन उचलन?"

चौघांतला एक जण हसला. दुसऱ्याचा खांदा थरथरत होता, तो हसला नाही. त्यानं जागा बदलली. ऊन चढत होतं आणि सावली नाक्याच्या आतल्या बाजूला होती, दांड्याच्या पलीकडे.

तेवढ्यात पर्यटकांची जीप आली. चार जण, पाचवा ड्रायव्हर. तिकिटं होती. मी रजिस्टरात आत पाच लिहिलं आणि दांडा वर केला. गॉगल लावलेल्या एका बाईनं गाडीतून वाकून पाहिलं. वाऱ्यानं कापडाचं एक टोक उडालं होतं, त्याखालचा सूर्य दिसत होता.

"अय्या, किती सुंदर कोरलंय! विकायला आहे का हो?"

खाली गेल्यापासून सुगरतीबाईला मराठी चांगलं समजायचं. बोलायची मात्र क्वचित. ती गाडीजवळ गेली.

"माही माय हाय ते," ती म्हणाली. "तुमची केवढ्याले देता?"

बाईनं गॉगल काढला, परत घातला, आणि ड्रायव्हरनं गाडी आत घातली.

"कोण्या गावचे होते हे?" सुगरतीबाईनं मला विचारलं.

"पुण्याचे."

"त्यायचं कोन पुरलं हाय आत?"

चौकीत वायरलेस खरखरला. मी धावलो. नशीब असं की त्या यंत्राचा आवाज कमी करायचं बटण कधीचं तुटलेलं होतं, त्यामुळं साहेबांचं सगळं बोलणं बाहेर ऐकू गेलं.

"बिसराम, गेले का ते?"

"नाही साहेब."

"काय लाकूड आहे ते? कशाचं?"

"सागाचं."

"सागाचं? वाहतूक पास आहे त्यांच्याकडे?"

"साहेब, ते लाकूड म्हणजे..."

"मी विचारलं ते सांग. पास आहे का? नाही ना? मग जप्त कर. खाली ठेवायला लाव, पंचनामा कर. गाडी पाठवतो, डेपोत टाकू."

मी बाहेर आलो तेव्हा चौघांनी मुंडा आणखी घट्ट धरला होता. डेपो सगळ्यांनी पाहिलेला होता. पकडलेले ओंडके तिथं पडतात, त्यांच्यावर हातोड्यानं नंबर ठोकतात, आणि ऊन-पावसात ते सडतात. जसमायच्या अंगावर नंबर ठोकणार होते, आणि ठोकण्यापूर्वी तिला जमिनीवर टाकायचं काम माझं होतं.

सुगरतीबाई ओरडेल असं मला वाटलं. ती ओरडली नाही. दांड्यावर दोन्ही हात ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

"बिसराम, सभा याद हाय तुले?"

मी मान खाली घातली.

"मोहाखाली झाली होती. साहेब मराठीत बोले आन तू आमाले आपल्या बोलीत सांगे. गावाले साहेबाचं काही कळत नव्हतं. गावानं तुहं आयकलं."

खरं होतं. मी बारावी झालेला गावातला पहिला. गाव उठवायचं ठरलं तेव्हा मी दुभाष्या म्हणून साहेबांच्या मागे घरोघर हिंडलो. या नोकरीचं बीज तिथंच पडलं. तो साहेब निमकरांच्याही आधीचा. बोलायला गोड. देवाला या, पितरांना या, केव्हाही या, कुणी अडवणार नाही, असं तो म्हणाला आणि मी ते शब्दाला शब्द सांगितलं.

"माय उठून उभी राहिली होती," सुगरतीबाई म्हणाली. "तिनं इचारलं, मले मनाजीच्या बाजूले कोन नेऊन उभं करन? नाक्यावर अडवलं तं? मंग साहेब काय बोलला?"

"साहेब काही बोलला नाही," मी म्हणालो. "साहेबाला मी तो प्रश्न सांगितलाच नाही."

"आन तू काय बोलला?"

"मी म्हणालो, नाक्यावर मीच असेन, माय."

"हाव. मंग तिनं अंगठा देल्ला. सगळ्यायच्या आधी तिनं देल्ला, म्हणून गावानं देल्ला." सुगरतीबाईनं दांड्यावरचे हात काढून घेतले. "आता कोन हाय नाक्यावर?"

मानू भूमका दुसरीकडे बघत होता. त्या म्हाताऱ्याला माझी दया आली असावी, आणि तीच मला सहन होईना.

मी चौकीत गेलो. वायरलेस अजून काहीतरी विचारत होता. त्याला विचारू दिलं. रजिस्टर घेऊन बाहेर आलो, पेन काढलं आणि एकेकाचं नाव विचारून लिहायला लागलो, जसं कुणाचंही लिहितो तसं. सुगरती कासदेकर. मानू धिकार. मग चौघं पोरं. गाव डोमारपाणी. सहा नावं झाली. सातव्या ओळीवर मी लिहिलं: जसमाय मनाजी कासदेकर, वय अंदाजे ऐंशी, गाव डोमारपाणी, जाण्याचे कारण: घरी जाणे.

"काय लिहिलं रे?" भूमक्यानं विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"ऐंशी नाही," तो म्हणाला. "ब्याऐंशी लिव्ह. माह्यापेक्षा दोन वर्षांनं मोठी होती, लहानपनी मारे मले."

मी ब्याऐंशी केलं. खाली बेरीज मांडली, आत सात. मग दांडा वर केला, सगळे आत आले, दांडा खाली पाडला, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. ज्याचा खांदा थरथरत होता त्याला बाजूला केलं आणि त्याच्या जागी माझा खांदा दिला. खाकी शर्टावरच.

गाव तिथून तीन किलोमीटर. भूमका पुढं चालत तिला वाट सांगत होता. "जसमाय, हा नाला आला, सांभाळ. हे पाह्य, इथं तुही बकरी पडली होती. आता चढ हाय, मंग आपलंच." आम्ही कुणी रडत नव्हतो. चौघं पोरं तर चढावर एकमेकांना चिडवत होती, तू वाकडा चालतोस, आजी पडली तर उठून तुझा कान पिळेल.

गावाच्या जागी हरणांसाठी पेरलेलं गवत होतं, छातीएवढं. भिंती बसल्या होत्या. माझ्या घराची जागा मला ओळखू आली ती फक्त जात्याच्या दगडावरून. मोह मात्र जिथल्या तिथं होते, आणि फुलांचा सडा पडला होता. वेचायला कुणी नसल्यामुळं वास इतका दाट होता की डोकं जड झालं.

कासदेकरांच्या मोहाखाली बावीस मुंडे उभे होते. जुन्यांच्या चिरा रुंदावल्या होत्या, काहींवरचे घोडे झिजून गेले होते. मनाजीच्या डाव्या हाताची जागा मोकळी होती. खड्डा खणला, मुंडा पाण्यानं धुतला, हळद लावली, आणि काल पहाटेपासून जमिनीला न टेकलेली जसमाय आपल्या जागी टेकली.

भूमक्यानं पितरांना सांगितलं की ही आली, हिला घ्या. सुगरतीबाईनं खालचं एक मोहाचं फूल उचलून आईच्या पायाशी ठेवलं, एक स्वतःच्या तोंडात टाकलं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुले काही बोलाचं हाय का तिले?"

बोलायचं खूप होतं. पण मी एवढंच म्हणालो, "माय, नाक्यावर मी होतो."

परत आलो तेव्हा तीन वाजले होते, आणि नाक्यावर तमाशा उभा होता. दांड्याच्या आत पुण्याची जीप अडकून हॉर्न वाजवत होती. दांड्याच्या बाहेर निमकर साहेबांची गाडी अडकून हॉर्न वाजवत होती. किल्ली माझ्या खिशात. मी आधी पर्यटकांना सोडलं, बाहेर पाच लिहिलं. गॉगलवाली बाई जाताना सुगरतीबाईकडे बघत होती. नजरेला नजर मात्र तिनं दिली नाही.

साहेबांनी आधी मला झापून घेतलं. मग त्यांनी सवयीप्रमाणं रजिस्टर ओढलं, ओळींवरून बोट फिरवलं, मान वर करून माणसं मोजली, परत बोट फिरवलं.

"आत सात गेले."

"हो साहेब."

"हे सहाच आहेत." त्यांचा आवाज एकदम उतरला. "ही जसमाय कोण? ब्याऐंशी वर्षांची बाई. कुठे आहे ती?"

"आत राहिली, साहेब."

"राहिली? राहिली म्हणजे? एकटी?"

"एकटी कायले?" भूमका मधेच मराठीत म्हणाला. "नवरा हाय तिचा. सासू हाय. दोन दीर हायत."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे अख्खं कुटुंब आत राहतंय? चार वर्षं? आणि मला पत्ता नाही?"

"चार वर्षं नाही साहेब," सुगरतीबाई म्हणाली. "लय पिढ्या झाल्या."

त्यांच्या डोळ्यापुढं वाघ, म्हातारी, वर्तमानपत्र आणि चौकशी सगळं एकदम उभं राहिलं असणार. त्यांनी सोबत आणलेले चार गार्ड परत गाडीत घातले, मला पुढं बसवलं आणि गाडी सोडली. वाटेत ते दोनदा म्हणाले, ती जिवंत सापडू दे. मला त्यांचा राग होता, तरी हसू दाबताना पोटात दुखायला लागलं.

मोहाखाली आल्यावर मी बोट दाखवलं. ओल्या हळदीचा मुंडा उन्हात चमकत होता. त्यावर नाव कोरलेलं होतं. साहेबांनी ते वाचलं. मग शेजारचा मुंडा पाहिला, मग त्याच्या शेजारचा.

"बिसराम," ते शेवटी म्हणाले, "हे लाकूड आहे."

"तुमच्या कागदात लाकूड असेल, साहेब. माझ्या रजिस्टरात जसमाय आहे."

"मला हे जप्त करावं लागेल."

"करा. उपटायला माणूस द्या."

साहेबांनी गार्डांकडे पाहिलं. चौघांतले तिघं कोरकू होते, ते जागचे हलले नाहीत. चौथा अमरावतीकडचा होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि पायाकडे बघत राहिला. साहेब स्वतः एक पाऊल पुढं गेले. तेवीस मुंडे त्यांच्यासमोर रांगेनं उभे होते. ते पाऊल त्यांनी मागे घेतलं.

"ती नोंद खोड," ते गाडीत बसताना म्हणाले. "खोडलीस तर बाकीचं मी बघतो."

मी खोडली नाही. लेखी खुलासा मागितला, तेव्हा त्यावर तीन शब्द लिहिले: नोंद खरी आहे. निलंबनात सात महिने घरी बसलो, मग लाकूड डेपोवर बदली झाली. सागवान ट्रकानं चोरणारे तेव्हाही मोकळे होते आणि चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मला शाळेत शिकवली होती, ती तिथं अनुभवाला आली. पण सांगतो, इतकी शांत झोप मला त्याआधीच्या चार वर्षांत लागली नव्हती.

पुढं बऱ्याच वर्षांनी आमच्या ग्रामसभेनं पितरांच्या जागेवर हक्काचा दावा टाकला. तुम्ही लोक तिथं जाता याचा सरकारी पुरावा काय, असं विचारलं गेलं. सुगरतीबाईनं सांगितलं, तुमच्याच नाक्यावरचं रजिस्टर काढा. काढलं. फाल्गुनातलं ते पान कुणीही फाडलेलं नव्हतं. जसमाय मनाजी कासदेकर, गाव डोमारपाणी, कारण घरी जाणे, बाहेर येण्याची वेळ कोरी. खाली निमकर साहेबांची तपासल्याची सही होती. ती त्यांनी कधी केली आणि का केली, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दावा मंजूर झाला. आता दर फाल्गुनात आम्ही वर जातो आणि अर्ज कुणी मागत नाही.

गेल्या फाल्गुनात मानू भूमक्याला नेलं. सुगरतीबाईला आता चालवत नाही, पोरांनी तिला खुर्चीत बसवून आणली होती, आणि ती खुर्चीतून सगळ्यांना शिव्या घालत होती. नाक्यावर एक तरुण मुलगी आहे, वनरक्षक, सांगलीकडची, नवीनच आलेली. तिनं मुंड्याकडे पाहिलं, रजिस्टर उघडलं आणि मला विचारलं, "काका, यांचं पूर्ण नाव काय लिहू?"

मी सांगितलं. तिनं लिहिलं. वयसुद्धा विचारलं. आत एकवीस झाले.

दुपारी आम्ही परत आलो. तिनं दांड्याजवळ उभं राहून एकेकाला मोजलं. वीस भरले. तिनं परत मोजलं नाही. वीस नावांपुढं वेळ लिहिली, एका नावापुढची जागा कोरी ठेवली, आणि दांडा वर केला.